टॉवेल कुणाच्या हातात? वय वाढलेल्या बॉक्सरनं थांबण्याचा हिशेब

सकाळच्या प्रॅक्टिसनंतर आम्ही चौघं नागपुरातल्या एका टपरीवर तर्री-पोहे खात होतो. त्यातला एक अडतीस वर्षांचा, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला लागलेला, अजूनही विभागाकडून खेळणारा. प्लेट संपेपर्यंत त्यानं मला तीनदा विचारलं, "सर, रविवारी मानकापूरले किती वाजता यायचं?" तिसऱ्यांदा पोरं हसली. मीही हसलो. "काय बे, रात्रीची उतरली नाही का तुही?" म्हणालो. तो दारूला शिवत नाही हे मला ठाऊक होतं. त्यानंतर तो आणखी दोन स्पर्धा खेळला, आणि दोन्ही वेळा त्याच्या कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात त्याला सांभाळायला, मीच उभा होतो.

ते हसणं अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. पस्तिशी ओलांडूनही रिंगमध्ये उतरणाऱ्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि माझ्यासारख्या कोचसाठी.

आधी वयाचं बोलून टाकू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वरिष्ठ गटाची मर्यादा ४० वर्षांची आहे. याच नियमामुळे खेळता येत नाही, मनात भूक अजून आहे, असं मेरी कोम २०२४ च्या सुरुवातीला बोलून दाखवत होती. पण ४० ही कागदावरची रेघ आहे. कुणाचा मेंदू तिशीतच दमलेला असतो, कुणी चाळिशीतही धडधाकट असतो. आणि हो, जॉर्ज फोरमननं १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी हेवीवेटचं जागतिक विजेतेपद परत मिळवलं, हेही प्रत्येक जण सांगतो. त्याआधी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं तो रिंगबाहेर होता, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या दहा वर्षांत तो एकही लढत खेळला नव्हता.

खरी अडचण वेगळीच आहे. गुडघा गेला तर मेंदू सांगतो, बाबा, गुडघा गेला. बॉक्सिंगमध्ये मार खातो तो मेंदू आणि "मला काही झालं नाही" असं म्हणतो तोही मेंदूच. म्हणून 'मला वाटेल तेव्हा थांबीन' हा बेत इथे चालत नाही. थांबायचं कधी हे डोकं ठिकाणावर असताना ठरवायचं, लिहून ठेवायचं आणि शेवटचा अधिकार दुसऱ्याच्या हातात द्यायचा. पुढचं सगळं याच कामासाठी आहे.

पहिली पायरी: वही

दोनशे पानी वही घ्या आणि आजवर खाल्लेल्या माराचा हिशेब मांडा. बाऊट म्हणजे लढती किती, हरलात किती, आरएससी म्हणजे रेफरीनं थांबवलेल्या किती, मार बसल्यावर रेफरी मोजतो तो काउंट किती वेळा घेतला, शुद्ध किती वेळा हरपली. इतकं सगळे सांगतात. कुणी सांगत नाही ते स्पारिंग, म्हणजे सरावातल्या लढती, आणि सगळ्यात मोठा आकडा तिथेच लपलेला असतो.

साधं गणित करा. ८० बाऊट, प्रत्येकी ३ राउंड, म्हणजे २४० राउंड. आता स्पारिंग: आठवड्यातून ३ दिवस, रोज ४ राउंड, वर्षातले ४० आठवडे, अशी १२ वर्षं. झाले ५,७६० राउंड. म्हणजे स्पर्धेत खाल्लेला मार हा एकूण माराचा लहानसा तुकडा. "मी तर वर्षातून दोनच स्पर्धा खेळतो" म्हणणाऱ्याला मी हे गणित फळ्यावर मांडून दाखवतो. तो गप्प बसतो, मग म्हणतो, "पण सर, हेडगार्ड राहते ना!" हेडगार्डनं भुवई फाटणं वाचतं. कवटीच्या आत मेंदू गरकन फिरतो, ती गिरकी त्यानं थांबत नाही. पुरुषांच्या वरिष्ठ गटातून २०१३ मध्ये हेडगार्ड काढलंच गेलं.

वहीत आणखी एक नोंद: कुठल्या ठोशानं पाय डगमगले. पूर्वी ज्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, नुसतं डोकं हलायचं, त्याच वजनाच्या पोराच्या तशाच हुकनं आता गुडघे वाकत असतील, तर हनुवटी 'गेली' असं आपण म्हणतो. हनुवटीला काही होत नाही. सहन करायची ताकद संपते ती वरच्या मजल्यावर.

दुसरी पायरी: दुसऱ्यांचे डोळे

बॉक्सरला विचारून काही कळत नाही. घरच्यांना विचारा, आणि तो समोर नसताना विचारा. त्या अडतीस वर्षांच्या खेळाडूच्या बायकोला मी भेटलो तेव्हा ती दारातच म्हणाली, "सर, हे आजकाल दुधवाल्यावरही ओरडतात. पहिले असे नव्हते. अन् रात्री झोपेत हात चालवतात. एकदा मले लागला." मी बारा वर्षं त्याचा कोच होतो. यातलं मला काही माहीत नव्हतं.

काय विचारायचं? तेच ते पुन्हा सांगतो का, पैशाच्या व्यवहारात चुका होतात का, शब्द अडखळतात किंवा जड होतात का, चिडचिड, संशय, उदासी वाढली का. चालताना एक पाय घासतो का, हात थरथरतो का. स्वप्नात ठोसे मारणं वरवर गमतीचं वाटतं, पण झोपेत अशी खरी हालचाल होणं हे पार्किन्सन्ससारख्या आजाराचं फार आधीचं लक्षण असू शकतं. ते डॉक्टरला सांगायलाच हवं.

तीन साध्या गोष्टी घरीच करता येतात. एक, दरवर्षी ठरावीक दिवशी वर्तमानपत्रातला तोच एक परिच्छेद मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा. आवाजातला फरक रोज ऐकणाऱ्याला जाणवत नाही, पाच वर्षांच्या अंतरानं लख्ख कळतो. जुने व्हॉट्सअॅप व्हॉइस मेसेज असतील तर आजच काढून ऐका. दोन, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं चाला, मग एका पायावर उड्या मारा. तीन, डोळे मिटून बोटानं नाकाचा शेंडा शिवा. तिन्हींचा व्हिडिओ ठेवा.

यातल्या शेवटच्या दोन मी घरी बसून काढलेल्या नाहीत. लॅरी होम्सविरुद्धच्या लढतीआधी १९८० मध्ये मुहम्मद अली तपासणीसाठी मेयोत गेला होता. आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नव्हे, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. बोटानं नाक शिवताना थोडी चूक होते आणि एका पायावरच्या उड्या अपेक्षेइतक्या चपळ नाहीत, अशी नोंद तिथल्या डॉक्टरांनी केली. तरी त्याला खेळायचा परवाना मिळाला. २ ऑक्टोबर १९८० ला, ३८ व्या वर्षी, अलीनं दहा राउंड नुसता मार खाल्ला. दहाव्यानंतर त्याचा ट्रेनर अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. पुढच्या वर्षी तो आणखी एक लढत खेळला, तीही हरला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यात बॉक्सिंगचा वाटा किती, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. त्या तपासणीच्या कागदावर काय लिहिलं होतं, यावर वाद नाही.

तिसरी पायरी: तपासण्या

फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे तपासणी नव्हे. मी स्वतः एका खेळाडूला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. बीपी, छातीला स्टेथोस्कोप, सही, शिक्का. दोन मिनिटांत माणूस लढायला तंदुरुस्त. डोक्याबद्दल एक प्रश्न नाही. मीही विचारला नाही, कारण मला कागद हवा होता.

सुरुवात न्यूरॉलॉजिस्टपासून करा. नागपूरकराला डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. धंतोली-रामदासपेठेत दर चार पावलांवर पाटी आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आणि तिथलं सुपर स्पेशालिटी, मेयो, मिहानचं एम्स आहे. ओपीडीत रांग मोठी असते, सकाळीच जा. 'डोकं दुखतं' एवढंच सांगाल तर गोळी घेऊन परत याल. वही पुढे ठेवा, इतकी वर्षं बॉक्सिंग, इतके राउंड, इतक्या वेळा शुद्ध गेली असं सांगा, आणि घरचं माणूस सोबत न्या.

मेंदूचा एमआरआय करायचा, जमल्यास ३ टेस्ला मशीनवर. त्यात एसडब्ल्यूआय नावाचा सिक्वेन्स घ्यायला सांगा. जुने, टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्राव त्यात दिसतात. ताजा मार लागल्यावर रक्त साचलंय का हे चटकन बघायला सीटी स्कॅन चांगला. वर्षानुवर्षांच्या झिजेसाठी तो पुरत नाही. ब्रिटनमध्ये व्यावसायिक बॉक्सरला दरवर्षी एमआरआय करावाच लागतो. आपल्याकडे हौशी खेळाडूवर तशी सक्ती नाही, म्हणून पस्तिशीनंतर ती स्वतःवर लादून घ्यायची. एका फोटोपेक्षा दोन फोटोंमधला फरक जास्त बोलतो, तेव्हा जुन्या फिल्म फेकू नका.

आता एक धोका. एमआरआय 'नॉर्मल' आला की बॉक्सर पेढे वाटतो. वारंवार डोक्याला मार बसून होणारा सीटीई हा आजार आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच नक्की सांगता येतो. जिवंतपणी कुठलाही स्कॅन 'तुम्हाला हा आजार नाही' असं लिहून देऊ शकत नाही. म्हणून त्यासोबत न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करा. स्मरणशक्ती, लक्ष, विचारांचा वेग तपासणारी ही बैठक दोन-तीन तास चालते. ती मराठीत घेणारं कुणी आहे का ते विचारा. परक्या भाषेतली चाचणी तुमचं इंग्रजीच तपासेल.

बाकीचं पटकन सांगतो. डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा. नजरेसमोर वीज चमकल्यासारखं, काळे ठिपके उडाल्यासारखं किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी जायचं. ईसीजी, इको, ट्रेडमिल चाचणी. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. आणि सतत थकवा, लैंगिक इच्छा कमी, पोट सुटणं असं काही असेल तर संप्रेरकांची तपासणी. डोक्यावरच्या मारानं मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी दुखावू शकते, आणि बॉक्सरला वाटतं आपण आळशी झालो.

चौथी पायरी: एका पानाचा करार

स्टॅम्प पेपर लागत नाही. वहीचं शेवटचं पान पुरतं. खाली तीन सह्या हव्यात: तुमची, कोचची आणि घरातल्या एकाची. वर लिहायचं की पुढचं काहीही घडलं तर मी स्पर्धा आणि स्पारिंग, दोन्ही कायमचं थांबवीन.

मेंदूत कुठलाही रक्तस्राव, जुना किंवा नवा. फिट येणं. न्यूरॉलॉजिस्टला चालण्यात, बोलण्यात, थरथरीत दोष दिसणं. दोन वर्षांच्या चाचण्यांत स्मरणशक्ती स्पष्ट घसरणं. डोळ्याचा पडदा सुटणं. हृदयासाठी किंवा मेंदूसाठी रक्त पातळ करणारी गोळी कायमची सुरू होणं. हे माझ्या लेखी तडजोडीचे मुद्दे नाहीत. वर्षात दोनदा डोक्यावरच्या मारानं लढत थांबली तर तेही मी यातच धरतो. कुणी म्हणेल फार कडक झालं. पंचविशीच्या पोरासाठी कदाचित असेल.

वयाचा इथे खरा संबंध येतो. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो. मेंदूपासून वरच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात, आणि ताणलेली शीर कमी धक्क्यानंही तुटते. तिशीत निभावलेला ठोसा चाळिशीत निभावेलच असं नाही, असं मी म्हणतो ते या शिरांमुळे.

करारात एक ओळ विश्रांतीची घाला. डोक्यावरच्या मारानं लढत थांबली तर हौशी बॉक्सिंगच्या नियमांत किमान ३० दिवसांची सक्तीची विश्रांती आहे, शुद्ध हरपली असेल तर त्याहून जास्त. खेळाडू इथे काय करतात ते मला ठाऊक आहे. स्पर्धा खेळत नाहीत, पण दहाव्या दिवशी दुसऱ्या क्लबात जाऊन स्पारिंग करतात. म्हणून 'कुठल्याही क्लबात' हे शब्द लिहाच.

वजन उतरवण्याचीही एक ओळ हवी. मे महिन्यात नागपूरचा पारा कधी कधी ४५ च्या वर जातो आणि आपला पठ्ठा प्लास्टिकचं जॅकेट घालून अंबाझरीला पळतो. वाळलेल्या अंगानं डोक्यावर मार घ्यायला जाण्यापेक्षा वरच्या वजनगटात खेळा, नाहीतर त्या स्पर्धेला जाऊच नका.

पाचवी पायरी: कॉर्नरमधला माणूस

१ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात चौदा राउंड झाल्यावर जो फ्रेझरचा ट्रेनर एडी फच यानं पंधरावा राउंड खेळूच दिला नाही. फ्रेझरचा डोळा सुजून बंद झाला होता, तरी त्याला खेळायचं होतं. समोर अली होता, जागतिक विजेतेपद होतं, राउंड एकच उरला होता. तरी फचनं थांबवलं. मी दोन वेळा त्या जागी उभा होतो, समोर कुठला अलीही नव्हता, आणि मी थांबवलं नाही.

तुमच्या कॉर्नरला असाच माणूस हवा. जिंकल्यावर ज्याला बढती मिळते, ज्याच्या क्लबाचं नाव होतं, त्या एकट्यावर हे सोपवू नका. हौशी नियमांत सेकंडला, म्हणजे कॉर्नरमधल्या माणसाला, टॉवेल टाकून लढत थांबवता येते, फक्त रेफरीचा काउंट सुरू असताना नाही. लढतीआधीच ठरवा: सलग तीन स्वच्छ ठोसे डोक्यावर बसले आणि उत्तर गेलं नाही, की टॉवेल. ब्रेकमध्ये "ठीक आहेस ना?" असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. राउंड कितवा, मागच्या राउंडला काय सांगितलं होतं, ते विचारा. आणि कोच ऐकत नसेल, तर डॉक्टरनं निघून जाण्याचंही उदाहरण आहे. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ मध्ये एर्नी शेव्हर्सविरुद्धच्या लढतीनंतर बाजूला झाले. अली खेळतच राहिला.

मार लागल्यानंतरचे दोन दिवस

हे निवृत्तीआधीचं, पण सगळ्यात तातडीचं. मेंदूवर रक्त साचत असेल तर माणूस आधी बरा वाटतो, बोलतो, हसतो, बसमध्ये गाणी म्हणतो, आणि काही तासांनी कोसळतो. म्हणून डोक्याला जोराचा मार लागलेल्या खेळाडूला पहिल्या रात्री एकटं झोपू द्यायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही. दारू नाही, आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी नाही. डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या झाल्या, पेंग येऊ लागली, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसली, एका बाजूची ताकद गेली, फिट आली, तर १०८ ला फोन करा आणि न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलातच न्या. "सकाळी बघू" हे वाक्य इथे नाही.

थांबल्यावर

पहिला दिलासा. लास वेगासमधल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या केंद्रात २०११ पासून लढवय्यांच्या मेंदूचा अभ्यास सुरू आहे. त्यातून २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, लढणं थांबवलेल्यांच्या काही चाचण्या सुधारल्या आणि मेंदूच्या पेशींना इजा झाल्याचं रक्तातलं लक्षणही उतरलं. लढत राहिलेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे 'आता जे व्हायचं ते होऊन गेलं, मग थांबून काय फायदा' हे खरं नाही. पण सगळं भरून येतं असंही नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली २२४ माजी व्यावसायिक बॉक्सर तपासले, तेव्हा सुमारे १७ टक्क्यांमध्ये मेंदूच्या इजेची लक्षणं सापडली. ती जुनी, शेकड्यानं लढती खेळणारी पिढी होती. आपल्या हौशी खेळाडूला तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

थांबायचं म्हणजे आधी स्पारिंग, त्याच दिवशी. बॅगवर ठोसे, दोरी, शॅडो म्हणजे हवेतले ठोसे, पळणं सुरू ठेवा. ते एकदम सोडलं की वजन आणि बीपी चढतं, झोप जाते आणि संध्याकाळी सहाला हात रिकामे राहतात. ती सहाची वेळ सगळ्यात वाईट. बरेच जण त्याच वेळेला बाटलीकडे वळलेले मी पाहिले आहेत. मन फारच खाली गेलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. उदासी ही मेंदूच्या इजेचाही भाग असू शकते, तो मनाचा दुबळेपणा नव्हे.

नोकरीचं बोलायलाच हवं, कारण अर्धे लोक त्यापायीच खेळत राहतात. खेळणं सोडलं की ड्युटीतली सवलत जाईल, बदली होईल ही भीती खोटी नाही. म्हणून साहेबांना 'मी खेळणं सोडतोय' असं सांगू नका, 'मला टीमचं कोचिंग द्या' असा अर्ज घेऊनच जा. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा आहे, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे. रेफरी-जजची परीक्षा देता येते. निवृत्त खेळाडूंना नवं काम शिकवायला केंद्र सरकारनं २०२४ मध्ये 'रीसेट' नावाचा कार्यक्रम सुरू केला, २० ते ५० वयाच्यांसाठी. आपल्या शहरात शिकवायला पोरींची कमी नाही. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक विजेती झाली, तेव्हापासून पालक स्वतः मुलींना घेऊन येतात.

आणि 'एक शेवटची' लढत. गणेशोत्सवातला प्रदर्शनी सामना, जुन्या प्रतिस्पर्ध्याचं आव्हान, पंचवीस हजारांचं बक्षीस. मिडलवेटचा जागतिक विजेता मार्व्हिन हॅगलर १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डकडून हरला. तो निकाल त्याला कधीच पटला नाही, तरी तो रिंगमध्ये परतला नाही. तुम्हाला कुणी बोलावलं तर वहीचं शेवटचं पान काढा आणि सह्या केलेल्या बाकी दोघांना विचारून सांगतो म्हणा. त्या दोघांचं उत्तर आधीच लिहिलेलं आहे.

आमच्या त्या पठ्ठ्यानं चाळिशीला दोन महिने असताना सही केली. बायकोनं त्याच्याआधी केली होती. आता तो सकाळी सहाला येतो, लहान पोरांचे पॅड धरतो, माझ्यापेक्षा चांगले धरतो. रविवारी किती वाजता यायचं हे अजून विचारतो, कधी दोनदा. मी प्रॅक्टिसच्या शेडच्या भिंतीवर काळा रंग मारून घेतलाय. दर शुक्रवारी त्यावर खडूनं वेळ लिहितो आणि सगळ्यांसाठी आहे असं सांगतो.